अकरावं भोक

जे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही ते आधी लिहून टाकतो, म्हणजे पुढे लिहिताना मला पळवाट उरणार नाही. दोन हजार वीसच्या सप्टेंबरात, आमच्या नेमबाजीच्या क्लबात, शेजारच्या काकांच्या कागदावर जे अकरावं भोक सापडलं ते माझ्या गोळीचं होतं. मला ते त्याच क्षणी कळलं होतं. मला तोंडावर विचारलं गेलं, आणि मी नाही म्हणालो.

कागदावरचं एक भोक, त्याचं काय एवढं, असं कुणालाही वाटेल. मलाही वाटलं होतं. म्हणून जरा मागे जातो आणि एका आवाजापासून सांगतो.

आम्ही आयर्लंडमधल्या ड्रोहेडात राहतो. माझं ऑफिस डब्लिनला, ग्रँड कॅनाल डॉकपाशी. पण त्या मार्चमध्ये सगळ्यांची ऑफिसं घरी आली तसं माझंही आलं आणि मागच्या बारक्या खोलीत इस्त्रीच्या टेबलावर येऊन बसलं. सकाळची मीटिंग सुरू झाली की शेजारच्या घरातून आवाज यायचा. चक-चक. जरा थांबून पुन्हा चक-चक. असं पाचदा. मग शांतता. मग परत पाचदा.

सॉफ्टवेअर तपासणं हा माझा धंदा. दुसऱ्यांनी लिहिलेलं चालवून बघायचं आणि कुठे मोडतं ते सांगायचं. त्यामुळे कारण न कळलेली गोष्ट मला चैन पडू देत नाही. मला पहिल्यांदा आठवला तो अडकित्ता. आवाज अगदी तसा होता, लोखंड लोखंडावर बसून मधे काहीतरी कटकन तुटल्यासारखा. पण ड्रोहेडात सुपारी कोण कातरणार?

"स्टेपलर असेल," बायको म्हणाली.

"रोज? पाच-पाच करून?"

"मग जाऊन विचार की. शेजारीच आहेत, मंगळावर नाहीत."

विचारणं मला जमत नाही. इतकी वर्षं इथे राहून मी शेजाऱ्यांशी हवामानापलीकडे गेलो नव्हतो. पण त्या दिवसांत सत्तरीच्या पुढच्यांनी घराबाहेर पडू नये असा सरकारचा आग्रह होता, आणि शेजारचे गृहस्थ सत्तरीच्या बरेच पुढचे. एकटेच होते. पूर्वी गावात त्यांचं औषधांचं दुकान होतं, पत्नी वारलेल्या, मुलगी पार तिकडे पश्चिमेला कासलबारच्या हॉस्पिटलात नर्स. त्यांचं वाणसामान आणून द्यायचं बायकोने परस्पर ठरवून टाकलं, आणि पिशवी पोचवायचं काम माझ्याकडे आलं. पायरीवर पिशवी ठेवायची, बेल दाबायची आणि फाटकापर्यंत मागे सरायचं. ते खिडकीतून हात करायचे. घरात आम्ही त्यांना 'काका' म्हणायला लागलो. समोर अर्थात नावाने हाक, इथल्या पद्धतीने. पण माझ्या मनात ते कायम काकाच राहिले.

एक दिवस फाटकातूनच मी ओरडून विचारलं, "सकाळी तो आवाज कशाचा येतो हो?"

काका इतके खूश झाले, जणू कुणीतरी हे विचारावं म्हणून वर्षभर खिडकीत बसले होते. "मागच्या बाजूला ये. कुंपणाच्या पलीकडेच थांब. दाखवतो."

त्यांच्या घरामागे काचेची खोली आहे, उन्हात बसायची. तिथे ते रायफल घेऊन उभे राहिले. मी दोन पावलं मागे गेलो.

"रिकामी आहे," ते म्हणाले आणि उघडून दाखवली.

मी रायफल पहिल्यांदाच पाहत होतो. पोलिसांकडे असते तशी ती नव्हती. अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता, वरचा भाग निळसर काळा, आणि चापाभोवती एक लोखंडी कडी, तीत तीन बोटं अडकवायची. ती कडी खाली-पुढे ढकलली की चक, मागे ओढून घेतली की चक. तेवढ्यात जुनं काडतूस बाहेर आणि नवं आत. दुर्बीण नाही, काही नाही. नळीच्या टोकाला पितळेचा एक मणी, अलीकडे एक खाच. रानात, झाडीत शिकार करायला बनवलेली वस्तू.

"कशाची शिकार करता?" मी विचारलं.

"कागदाची. कागद फार चपळ असतो."

"आणि जनावर?"

"एकदा हरणावर नेम धरला होता. त्याने वळून माझ्याकडे पाहिलं. मग आम्ही दोघांनीही तो विषय सोडून दिला."

घरी येऊन सांगितलं तर बायको हसत सुटली. "तू? बंदूक? झुरळ निघालं तर मला हाक मारतोस!" आमची मुलगी फोनवरून मान वर न करता म्हणाली, "युअर मॅन नेक्स्ट डोअर हॅज अ रायफल? ग्रँड." 'ग्रँड' म्हणजे इथे 'ठीक आहे'. तिच्या दृष्टीने विषय संपला. माझ्या दृष्टीने सुरू झाला.

कारण मला एक कोडं पडलं होतं. कागदावर अचूक नेम मारायचा तर त्यासाठी केवढी तरी सोयीची हत्यारं मिळतात. मग ही बायाबापड्यांच्या अडकित्त्यासारखी, दुर्बीण नसलेली, खांद्याला लाथ मारणारी वस्तू कशाला? कुंपणाशी उभं राहून मी ते काकांना विचारलं. त्यांनी दिलेलं उत्तर मला अजून शब्दशः आठवतं. "बाकीच्या रायफलींत एकदा नीट उभा राहिलास की उभा राहिलास. हिच्यात दर गोळीनंतर हात सोडावा लागतो. जमवलेलं सगळं मोडतं. पुन्हा पहिल्यापासून जमवायचं. खेळ तो आहे. मारणं नाही, पुन्हा जमवणं."

त्या उन्हाळ्यात जुलैमध्ये नेमबाजीची रेंज पुन्हा उघडली आणि काकांनी मला क्लबात नेलं. डोंगराच्या कुशीतली जुनी दगडाची खाण, तिन्ही बाजूंनी मातीचे बांध, एका टोकाला पत्र्याची शेड. रेंज ऑफिसर एक मेंढपाळ बाई, आवाज असा की मेंढ्याच काय, आम्हीही रांगेत येऊ. जमणारे बहुतेक निवृत्त. ती त्यांना "पोरांनो" म्हणायची.

"हा कोण?" तिने विचारलं.

"माझा शेजारी. सावध माणूस आहे," काका म्हणाले. "ह्याची हमी माझी."

क्लबची एक रायफल होती, काकांच्यासारखीच, त्याच मापाची. माझी पहिली गोळी कुठे गेली ते देवाला ठाऊक. खांदा बधिर, कानात शिटी. मागून कुणीतरी म्हणालं, "मीथमध्ये फोन करून विचारा रे, गाई सगळ्या उभ्या आहेत का." मीथ म्हणजे शेजारचा जिल्हा. मी हसलो. कित्येक महिन्यांत घराबाहेरच्या कुणी माझी खिल्ली उडवली नव्हती, आणि मला ती इतकी हवी होती हे तोवर माहीत नव्हतं.

मी दर आठवड्याला जायला लागलो. मला तिथलं सगळं तपासून बघावंसं वाटायचं. श्वास सोडून झाल्यावरच मणी स्थिर का होतो? मणी स्पष्ट दिसतो तेव्हा कागद धूसर का होतो, आणि तो धूसर राहिला पाहिजे असं का सांगतात? डोळ्याला दोन्ही एकदम दिसत नाही, म्हणून जवळचं निवडायचं. चापावर जोर वाढवत न्यायचा आणि बार आपल्याला न सांगता झाला पाहिजे. स्वतःच्याच बोटाने स्वतःला दचकवायचं. मी दिवसभर स्क्रीनसमोर बसून जे करतो त्यात असं काहीच नव्हतं.

काकांची पद्धत ठरलेली. त्यांच्याकडे लाकडाचा एक ठोकळा होता, दुकानाच्या मोडक्या खणातून केलेला. त्यात दोन ओळींत पाच-पाच भोकं पाडलेली. स्पर्धेत पाच भरायच्या, पाच मारायच्या, पुन्हा पाच भरायच्या, पाच मारायच्या. शेडमधल्या क्लबच्या डब्यातून ते दहा काडतुसं घ्यायचे, ठोकळ्यात उभी करायचे आणि ओळीने उचलायचे. "दुकानात औषधाच्या गोळ्या अशाच मोजायचो," ते म्हणाले. "पट्टीने पाच-पाच ओढायच्या. हात दुसरं काही शिकलाच नाही."

ठोकळ्याबद्दल विचारलं म्हणूनच ते पुढचं बोलले असणार. आम्ही शेडच्या बाहेर अंतर राखून बसलो होतो, आपापला चहा आपापल्या थर्मासमधून.

"माझ्या भावाचं मोजण्यापासूनच सुरू झालं," ते म्हणाले. "पत्ते वाटताना एखाद्याला एक जास्त जायचा. आम्ही हसायचो. पुढे त्याला मीच ओळखू येईनासा झालो." त्यांनी चहा संपवला. "तेव्हाच ठरवलंय. ज्या दिवशी मला पाच मोजता येणार नाहीत, त्या दिवशी रायफल स्वतः नेऊन देणार. कुणी येऊन सांगायची वाट बघणार नाही."

म्हणजे मला माहीत होतं. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो. सप्टेंबरात जे झालं त्याच्या आधीच मला माहीत होतं.

आता एक रीत सांगितली पाहिजे. उभं राहून नेम धरताना माणूस कधीतरी चुकून शेजाऱ्याच्या कागदावर गोळी घालतो. सगळीकडे होतं. आमच्या क्लबात त्याला "शेजारी जाऊन येणं" म्हणायचे, आणि शिक्षा एकच: पुढच्या वेळी ॲपल टार्ट आणायचा. तिथल्या प्रत्येकाने कधी ना कधी टार्ट आणला होता. काकांनी तर तीनदा. रेंज ऑफिसर बाईने एकदा आणला, तो करपलेला होता, आणि त्याची आठवण तिला अजून करून दिली जायची.

सप्टेंबरात क्लबची छोटीशी स्पर्धा ठेवली होती, फक्त सभासदांची. साथीमुळे माणसांत अंतर हवं म्हणून एक सोडून एक जागा रिकामी ठेवली होती. समोरच्या लाकडी चौकटी मात्र होत्या तिथेच, फक्त मधल्यांवर कागद नाहीत. काका दोन नंबरला, मी चारला. मधली तीन नंबरची चौकट नुसतीच उभी.

पहिल्या पाच माझ्या बऱ्या गेल्या. मान खाली घालून मी दुसऱ्या पाच भरल्या. भरताना पाय थोडे वळले असणार. मान वर केली, मणी काळ्या वर्तुळावर आला, कागद धूसर, मी श्वास सोडला, बार झाला. छान झाला. मला अजून आठवतं, तो त्या दिवसातला माझा सगळ्यात चांगला बार होता. मग नळी खाली आली, नजर कागदावर गेली, आणि कागदाखालचा आकडा दिसला. दोन.

मी सरळ झालो, चार नंबर शोधला आणि उरलेल्या चार तिथे मारल्या.

थांबायला हवं होतं. हात वर करून नुसतं "टार्ट!" म्हटलं असतं तरी पुरलं असतं, लोक तेच करायचे. पण मला वाटलं, संपल्यावर सांगू.

सगळ्यांच्या रायफली रिकाम्या करून झाल्या आणि आम्ही कागदांकडे चालत गेलो. रेंज ऑफिसर बाईने काकांच्या कागदावरची भोकं मोजली. पुन्हा मोजली.

"अकरा! कोण आलं होतं रे शेजारी? टार्ट कोणाचा?"

सगळे हसले. ती एकेक कागद बघत माझ्यापाशी आली. "तुझे नऊच. एखादी तिकडे जाऊन आली काय?"

आणि मी म्हणालो, "नाही. एक बांधात गेली. माती उडालेली मी पाहिली."

हे वाक्य कुठून आलं याचा मी तेव्हापासून शोध घेतोय. कारण तशी गरजच नव्हती. शिक्षा होती एक टार्ट. कारणं मी पुष्कळ मांडून बघितली. त्याच आठवड्यात माझ्या स्वतःच्या परवान्यासाठी क्लबची सही व्हायची होती. काका माझी हमी घेऊन बसले होते, आणि सावध माणसाने दुसऱ्याच कागदावर गोळी घालावी हे मला बरं दिसेना. तिथे माझ्यासारखा दिसणारा मी एकटा होतो, आणि परदेशात चूक कधी आपल्या नावावर लागू द्यायची नाही ही सवय हाडात गेलेली. ऑफिसातही काही मोडलं की पहिलं वाक्य हेच: आमच्या बाजूने सगळं ठीक आहे. ही सगळी कारणं खरी आहेत, आणि एकही पुरत नाही. 'माती उडालेली पाहिली', हा तपशील कशाला जोडला? नुसतं नाही म्हणून भागलं असतं. तो तपशील मी कोऱ्या चेहऱ्याने, क्षणात तयार केला. हे मला येतं हे मलाच ठाऊक नव्हतं.

बाईने माझ्याकडे अजून एकदा पाहिलं असतं, पण काकाच मधे बोलले.

"तो म्हणतोय माती उडाली, म्हणजे उडाली." मग ते आपल्या कागदाजवळ गेले आणि चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिले. "मग जास्तीची माझीच."

"अहो, असू दे," बाई म्हणाली. "कमी गुणांची दहा धरू."

"आकड्याचं नाही गं," काका म्हणाले.

शेडमध्ये परत आल्यावर ते ठोकळ्याच्या भोकांत एकेक बोट घालून बघत होते. मी माझी पिशवी आवरत होतो, खूप वेळ.

घरी बायकोने विचारलं, "कशी झाली स्पर्धा?" मी म्हणालो, "एक चुकली." तिने ताटात भात वाढला.

पुढच्या आठवड्यात काका कुंपणाशी आले. डॉक्टरकडे जाऊन आले होते. डॉक्टरांनी घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं, काकांनी काढलं. शब्द लक्षात ठेवायला सांगितले, काकांनी ठेवले. "ते म्हणतात, सगळं ग्रँड आहे. पण डॉक्टरांनी तो कागद पाहिलेला नाही." आयुष्यभर त्यांनी मोजणीवर भरवसा ठेवला होता, आणि मोजणी सांगत होती अकरा.

"होतं असं एखाद्या वेळी," मी म्हणालो.

"भावालाही मी हेच म्हणायचो." मग त्यांनी विचारलं, "तुझा परवाना होईल ना आता? मग ही तू घे. परक्याकडे जाण्यापेक्षा बरं."

मी नको म्हणायचा प्रयत्न केला. पण नाही म्हणायला कारण लागतं, आणि माझ्याकडे एकच कारण होतं.

ऑक्टोबरात पुन्हा सगळं बंद झालं. रेंज बंद, घरापासून पाच किलोमीटरच्या पलीकडे जाणं बंद. मला ते सोयीचं वाटलं. चार माणसं जिथे जमतच नाहीत तिथे चार माणसांत सांगायचा प्रश्नच नाही. हिवाळ्यात गार्डा, म्हणजे इथले पोलीस, येऊन माझं लोखंडी कपाट बघून गेला, भिंतीला नीट ठोकलंय का ते. कागदपत्रं झाली. रायफल माझ्या बारक्या खोलीत आली. शेजारचा आवाज बंद झाला.

मी सराव करायला लागलो, रिकाम्या रायफलीने, सकाळी मीटिंगच्या आधी. करायचं नव्हतं, पण हातात घेतली की तीन बोटं कडीत जायचीच. बायको म्हणाली, "आता आवाज आपल्याकडून येतो." दुसऱ्या दिवशी कुंपणापलीकडून काका म्हणाले, "ऐकू येतंय मला. कडी पूर्ण पुढे ढकलत नाहीस तू. अर्ध्यावरून ओढतोस. एक दिवस अडकेल." मी मान डोलावली. तेव्हापासून पूर्ण ढकलतो.

फेब्रुवारीत त्यांनी गाडी चालवणं सोडलं. कुणी सोडायला लावलं नव्हतं. "ज्याला दहा मोजता येत नाहीत त्याने चौकात कशाला जावं?" गॅसपाशी एक मोठ्ठी चिठ्ठी लावली, बंद केलास का म्हणून. मला तरी ते कधी गॅस विसरलेले माहीत नाहीत. वसंतात त्यांची मुलगी येऊन त्यांना कासलबारला घेऊन गेली. जाताना ते बायकोला म्हणाले, "तुझ्या पिशव्यांमुळे तगलो." घर भाड्याने गेलं. नवे लोक चांगले आहेत, कसलाही आवाज करत नाहीत.

गेल्या ऑगस्टमध्ये मी कासलबारला गेलो. बायकोने नारळाच्या वड्या दिल्या होत्या. देशाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जाताना मी गाडीत ते वाक्य मोठ्याने म्हणून बघत होतो, इंग्रजीत आणि मराठीतही. मराठीत जास्त वाईट वाटायचं, म्हणून इंग्रजीत सराव केला. सांगायचंच असं ठरवून गेलो होतो.

काका बारीक झाले होते, पण डोळे तेच. मुलगी ड्यूटीवर गेलेली. त्यांनी चहा केला, एक वडी खाऊन बघितली, "ही अजून आण" म्हणाले. मग कपाट उघडून तो ठोकळा आणि नातवाचे रंगीत खडू टेबलावर मांडले. दहा भोकांत दहा खडू.

"बरं झालं आलास. तू तपासणारा माणूस. मला ह्यातला बग शोधून दे."

"कशातला?" मी विचारलं, माहीत असून.

"अकराव्याचा. बस."

ते ज्या उत्साहाने समोर बसले तो मी ओळखत होतो. कुंपणाशी उभा राहून मी त्यांना प्रश्न विचारायचो तेव्हा माझाही चेहरा असाच होत असणार.

"शक्यता एक," ते एक खडू उचलून म्हणाले. "खिशात आधीची एक राहिली होती. पण मी खिसे रिकामे करून उभा राहतो. शक्यता दोन, पहिल्या वेळी सहा भरल्या. पण ओळीत पाचच भोकं. सहावी उचलली तर दुसरी ओळ मोडते, आणि मग शेवटी चारच उरतात. म्हणजे तरीही दहाच. शक्यता तीन, रिकाम्या पुंगळ्या मोजायला हव्या होत्या, पण त्या आधीच्या तुकडीच्या पुंगळ्यांत मिसळल्या. शक्यता चार, दुसऱ्या कुणाची. ते तर आपण तिथेच विचारलं होतं." आणि त्यांनी चौथा खडू बाजूला ठेवला.

मी त्या खडूकडे पाहत होतो. हिरवा होता. ते वाक्य माझ्या तोंडात होतं, गाडीत पाठ केलेलं. मी तोंड उघडलं आणि म्हणालो, "डब्यातून घेताना दोन चिकटून आल्या असतील. एक ठोकळ्यात ठेवली, दुसरी मुठीत राहिली."

"हां!" काका म्हणाले. "हे मी धरलं नव्हतं." त्यांनी दोन खडू मुठीत घेतले, एक ठेवला, दुसरा धरून बघितला. पुन्हा केलं. डोळे मिटून केलं. मग मान हलवली. "नाही. हाताला कळलं असतं. हे बघ, लगेच कळतंय."

खरंच कळत होतं. डोळे मिटून ते खडू भराभर उचलत होते, ठेवत होते, न चुकता, पाच आणि पाच. त्या हातांत काहीही बिघडलेलं नव्हतं. टेबलाच्या पलीकडे बसून ते मला सिद्ध करून दाखवत होते की ते निर्दोष आहेत, आणि त्याचा निष्कर्ष काढायला मात्र मलाच सांगत होते.

"रायफल गेल्याचं काही नाही रे," ते म्हणाले. "ती चांगल्या घरी आहे. गाडीचंही नाही. मुलगी छान ठेवते मला. पण रोज सकाळी उठलो की हे घेऊन बसतो. कसं झालं एवढं कळलं ना, की मी मोकळा. वाईट असलं तरी चालेल. फक्त कळू दे."

मी म्हणालो, विचार करतो.

"कर," ते म्हणाले. "तुझ्या डोक्यावर माझा विश्वास आहे."

दारापर्यंत सोडायला आले. मी गाडी मागे घेताना ते हात करत होते, पूर्वी खिडकीतून करायचे तसाच. त्यानंतर त्यांचा दोनदा फोन आला. दोन्ही वेळा पहिला प्रश्न, "काही सुचलं का?" आणि दुसरा, "कडी पूर्ण ढकलतोस ना?" दुसऱ्याचं उत्तर मी खरं दिलं.

क्लब पुन्हा सुरू आहे. काकांच्या रायफलीने मी बरा मारतो, लोक तसं म्हणतात. दर गोळीनंतर हात सुटतो, जमवलेलं मोडतं, पुन्हा जमवावं लागतं. मला आता कळतं की त्या दिवशी बांधापाशी मी जे मोडलं ते पुन्हा जमवायला कुणी मनाई केलेली नव्हती. पुढच्या क्षणी करता आलं असतं, शेडमध्ये करता आलं असतं, कुंपणाशी करता आलं असतं, त्या टेबलावर तर नक्कीच. का केलं नाही याचं मला अजून कुतूहल आहे. पण ते कुतूहल माझं आहे आणि ते नंतर शमलं तरी चालेल. काकांचं आधी शमायला हवं.

मी त्यांचं काय देणं लागतो ते सरळ लिहितो. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर, त्यांच्या समोर बसून: अकरावी गोळी माझी होती. तेच उत्तर क्लबात, त्या दिवशी तिथे उभे होते त्या सगळ्यांदेखत. कपाटातली रायफल. आणि एक ॲपल टार्ट. यातलं मी अजून काहीही दिलेलं नाही.